बैलाच्या पाठीपासून बावीस चाकांपर्यंत : वऱ्हाडातील ओझ्याचा इतिहास

१/
मूर्तिजापूरजवळ राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा आणि अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या तोंडावरचे आकडे वाचा. १६१३, २५१५, ३११८, ४०१८, ४९२३, ५५३०. बहुतेकांना ही केवळ मॉडेलची नावे वाटतात. वास्तविक हा रस्त्यावरून धावणारा कालपट आहे. कोणत्या काळात कायद्याने किती ओझे वाहण्याची मुभा दिली होती, हे त्या आकड्यांत नोंदलेले आहे. त्या कायद्याच्याही तळाशी आहे वऱ्हाडची काळी माती. आजचा धागा या ओझ्याच्या इतिहासावर.

२/
आरंभीच एक सूत्र ध्यानात ठेवू या. ओझे कधी नाहीसे होत नाही, ते फक्त जागा बदलते. ते बैलाच्या पाठीवरून गाडीच्या आखावर येते, आखावरून चाकावर आणि चाकावरून जमिनीवर. गाडीला चाके किती, आख किती, जोड कुठे, हे सारे प्रश्न वरवर कारखान्यातले वाटतात. पण त्यांचा खरा अर्थ एवढाच असतो की, हे ओझे अखेरीस कोणी सोसायचे? जनावराने, चालकाने, मालकाने की रस्त्याने?

३/
प्रथम माती. वऱ्हाडची काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे येथे कोरडवाहू कापूस पिकतो. परंतु शेतकऱ्याला जो गुण वरदान, तोच रस्ता बांधणाऱ्याला शाप. पावसाळ्यात या मातीवर चाक टिकत नाही, रुतते. उन्हाळ्यात तळची माती आक्रसली की वरच्या थरालाही तडे जातात. ज्या मातीने वऱ्हाडला जगाच्या बाजारात नेले, तिनेच तेथवर जाण्याची वाट अडवून धरली, हा या इतिहासातला मूळ पेच होय.

४/
यावरचे जुने उत्तर होते : चाकच नको. वणजाऱ्यांचे आणि बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून निघत. एका बैलावर साधारण शंभर ते सव्वाशे किलो ओझे. चार पायांच्या जनावराला बांधलेला रस्ता लागत नाही. नाला आला तर तो उतरून जातो, चिखल आला तर वळसा घेतो. प्रत्येक मुक्कामाला मात्र सारी गोणी उतरवायची आणि पहाटे पुन्हा लादायची. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस नागपूर, जबलपूरमार्गे गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत असाच जात असे. अंतर सुमारे ५०० मैल.

५/
याचे गणित मांडून पाहा. तांडा दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चाले, म्हणजे मिर्झापूर गाठायला अडीच महिने. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांची ओझी भरेल एवढा कापूस कलकत्त्याकडे रवाना केल्याचा उल्लेख गॅझेटियरमध्ये येतो. सव्वाशे किलोच्या हिशेबाने हा माल सुमारे बारा हजार टन भरतो. हा आकडा लक्षात असू द्या. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

६/
दुसरे उत्तर म्हणजे बंडी. वऱ्हाडात बैलगाडीला बंडीच म्हणतात. माणसांच्या प्रवासाची हलकी, देखणी गाडी ती दमणी. बंडीची रचना नीट पाहिली तर आजच्या ट्रकचे सगळे प्रश्न तिच्यात सापडतात. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांना धरणारे लाकडी पाटे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. दोन चाकांना जोडणारा एक आख. त्याच एका आखावर सारे ओझे. रस्ता बरा असेल तर दोन बैल अर्धा ते पाऊण टन माल ओढतात, म्हणजे पाठीवर वाहतात त्याच्या दुप्पट-तिप्पट. चाकाचा फायदा तो हाच.

७/
पण चाक आले की समतोल आला. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते आणि जू आभाळाकडे जाते. पुढे अधिक झाला तर तोच भार बैलांच्या खांद्यावर बसतो. म्हणून बंडी भरणारा जाणता माणूस ओझे आखावर तोलून, किंचित पुढे कल ठेवून भरतो. ओझे किती यापेक्षा ते कोणत्या आखावर कसे वाटले, हे अधिक महत्त्वाचे. हे वाक्य मनात ठेवा. दीडशे वर्षांनी ते कायद्याच्या कलमात उतरणार आहे.

८/
बंडीचा दुसरा दोष लोखंडी धावेत होता. धाव जेमतेम दोन-तीन बोटे रुंद. त्या अरुंद पट्टीवर सगळा भार एकवटतो आणि ती मुरमाचा रस्ता सुरीसारखी कापत जाते. गाडीमागून गाडी त्याच चाकोरीतून जाते आणि चाकोरी खोल होत जाते. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा आपला शब्दप्रयोग याच खोल खाचांतून आला आहे. पुढे विमानाची जुनी चाके आणि रबरी टायर लावलेल्या ‘डनलॉप’ गाड्या आल्या, तेव्हा बैल तेच राहिले, मात्र ओझे वाढले आणि रस्त्याची कापणी थांबली. भार पसरवणे हेच या साऱ्या विद्येचे सार.

९/
१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर फाटा १८६७ साली पूर्ण झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके मुंबईला जोडली गेली. १८७० साली जलंब–खामगाव ही छोटी शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली आणि पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. तांड्यांचा अडीच महिन्यांचा प्रवास काही दिवसांवर आला आणि तांड्यांचा व्यवसायही मोडला. वेगाची किंमत कुणीतरी मोजतोच.

१०/
रेल्वे आल्याने बंडी संपली असे मात्र झाले नाही. उलट बंड्या वाढल्या. गाव ते बाजार आणि बाजार ते स्थानक हा टप्पा बैलांकडेच राहिला. त्यातून निर्माण झाला वजनाचा प्रश्न. १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. काटा खरा असावा, शेतकऱ्याच्या मापात खोट येऊ नये, हा त्यामागचा हेतू. बंडीवरच्या मालाचे वजन सार्वजनिक हिताचा विषय ठरले, ते येथे.

११/
याच काळात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांच्याकडे आपण गिरणीचा पूर्वरंग म्हणून पाहतो, पण वाहतुकीच्या दृष्टीने ते निराळेच काम करत. सरकीसह कापूस हा फसवा माल आहे : गाडी काठोकाठ भरते, तरी वजन फारसे होत नाही. वजनाच्या आधी जागा संपते. सरकी काढून, रुई दाबून तिची गाठ बांधली की त्याच जागेत कितीतरी अधिक माल मावतो. आज ही गाठ १७० किलोची असते. प्रेस म्हणजे वाहनाचे रूप न बदलता त्याची क्षमता वाढवणारे यंत्र होते.

१२/
मग आली आपली लाडकी शकुंतला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अडीच फुटी अरुंद रुळांचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी खासगी कंपनीने कापसासाठी बांधला. तिच्या आठवणी सगळ्यांना गोड; परंतु मालाच्या दृष्टीने तिच्यात एक खोट होती. मूर्तिजापुरात रूळ रुंद होत. म्हणून प्रत्येक गाठ अरुंद डब्यातून उतरवून रुंद डब्यात चढवावी लागे. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, नुकसानीची भीती दुप्पट. ‘दाराशी भरा, दाराशी उतरवा’ असे म्हणणारे वाहन येताच शकुंतलेचा मालवाहतुकीतला काळ संपणार, हे त्या जोडावरच लिहिले होते. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत टिकले, माल त्याच्या पुष्कळ आधी रस्त्यावर गेला.

१३/
मोटार आली तेव्हा रस्ते तिच्यासाठी नव्हतेच. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांना पेलणारा नाही, तेव्हा पेट्रोलवर अधिभार लावून केंद्राने निधी उभारावा, असे समितीने सुचवले आणि १९२९ साली तसा निधी निर्माण झाला. जो रस्ता वापरतो त्यानेच त्याच्या झिजेचे मोल द्यावे, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या व्यवस्थेत आहे. ते कितपत पाळले गेले, हा पुढचा प्रश्न.

१४/
डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताशी जोडलेला होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. तेथे तयार झालेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची जी प्रतवारी आपण आज गृहीत धरतो, ती याच योजनेतून आली. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६ त्याच प्रतवारीचा वारस. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ५३ झाला. जुनी माणसे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात.

१५/
१९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज ट्रक भारतीय रस्त्यावर आला. पुढे एक आख, मागे एक आख. पुढे दोन टायर, मागे जोडीने चार. झाली सहाचाकी. कारखान्यातून येई ती केवळ चेसिस. लाकडी हौदा, फाळका, केबिन, वरची नक्षी हे सारे गावोगावचे सुतार-लोहार बांधत. बंडी बांधणाऱ्या हातांना हे काम नवे नव्हते. पाट्यांची संख्या वाढवून ‘गाडी मजबूत करणे’ ही विद्याही तिथलीच. तिचा हेतू मात्र अनेकदा एकच असे : कायद्यापेक्षा अधिक भरणे.

१६/
आता पहिल्या पोस्टमधले आकडे वाचू या. टाटांच्या या नावांत पहिले दोन अंक म्हणजे मालासह गाडीचे एकूण वजन, साधारण टनांत. नंतरचे दोन अंक दहाने गुणले की इंजिनाची अश्वशक्ती, तीही साधारण. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्तीच्या आसपास. १६१३ म्हणजे सोळा टन. एका मागच्या आखावर ८.१६ टन ही मर्यादा होती, तो काळ १२१० चा. १९८३ च्या सुमारास ती १०.२ टन झाली. पुढच्या आखाचे ६ आणि मागचे १०.२ मिळून १६.२. ‘सोळा’ हा आकडा कारखान्याने ठरवलेला नाही, आखाच्या मर्यादेने ठरवला आहे.

१७/
आखाला इतके महत्त्व का? याचे उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मिळाले. १९५८ ते १९६० या काळात तेथे मुद्दाम बांधलेल्या चाचणी-रस्त्यांवर सैनिकांनी ट्रक रात्रंदिवस फिरवले. निष्कर्ष धक्कादायक होता. आखावरचे ओझे वाढले की रस्त्याची झीज त्या प्रमाणात वाढत नाही; ती साधारणपणे चौथ्या घाताने वाढते. ओझे दुप्पट केले तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट. ओझे दीडपट केले तर झीज पाचपट. रस्त्याला मोटारगाड्यांच्या गर्दीने फारसे काही होत नाही. त्याला खातो तो अतिभारित आख.

१८/
मग अधिक माल न्यायचा तरी कसा? उत्तर बंडीवाल्याला ठाऊक होते : भार वाटा. मागे एकाऐवजी दोन आख जवळजवळ बसवले की त्या जोडीवर १९ टनांची मुभा मिळे. ६ आणि १९ मिळून २५. म्हणून दहा टायरची २५१५. पुढेही सुकाणूचे दोन आख दिले की ६, ६ आणि १९ मिळून ३१. ही बारा टायरची ३११८. त्यात आणखी एक उचलता येणारा आख घातला की चौदा टायर. या ‘लिफ्ट ॲक्सल’चे टायर रिकाम्या गाडीला अधांतरी लटकलेले तुम्ही पाहिले असतील. माल नसताना टायर आणि डिझेल वाचावे म्हणून ते वर घेतात. भरल्या गाडीतही ते वरच राहिले, तर मात्र त्याचा भार उरलेल्या आखांवर आणि तेथून रस्त्यावर पडतो.

१९/
एका सलग चौकटीवर किती आख बसवायचे याला सीमा आहे. लांब ताठ गाडी वळत नाही. म्हणून गाडीचे दोन तुकडे करावे लागले. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोटारी ग्राहकांकडे पोहोचवण्यासाठी असा जोडट्रेलर बनवला. १९१४ साली डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्ड गाडीला ट्रेलर जोडला आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. ट्रेलर जेथे टेकतो त्या फिरत्या तबकडीला आजही ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. ते नाव घोडागाडीच्या काळातले : चारचाकी बग्गीचा पुढचा आख वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवत, ते पाचवे.

२०/
आपल्या चालकांनी तर ही परंपरा अधिक नेमकी जपली आहे. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला ते ‘घोडा’ म्हणतात. पाहा ना, हे बंडीचेच तत्त्व आहे. बैल सोडले की बंडी जू टेकवून उभी राहते आणि बैल दुसऱ्या कामाला जातात. घोडा सोडला की ट्रेलर स्वतःच्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो आणि घोडा दुसरा ट्रेलर घेऊन निघतो. माल भरण्या-उतरवण्यात इंजिन अडकून पडत नाही. समतोलाचा नियमही तोच. ट्रेलरचा काही भार पाचव्या चाकावर, म्हणजे घोड्याच्या मागच्या आखांवर यायलाच हवा. सारा मागे गेला तर पकड सुटते, सारा पुढे आला तर घोड्याचा आख मोडतो. बंडी उलाळ होण्याचा धोका २२ टायरच्या गाडीलाही सुटलेला नाही.

२१/
बेरीज तुम्हीच करून पाहा. घोड्याचा पुढचा आख ६, मागचा एक आख १०.२, ट्रेलरचे तीन आख मिळून २४, एकूण ४०.२. म्हणून ४०१८. घोड्याला मागे दोन आख दिले तर ६, १९ आणि २४ मिळून ४९. म्हणून ४९२३. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने मर्यादा वाढल्या : पुढचा आख ७, मागचा एकेरी ११.५, जोडीचे २१, तिहेरी २७. आता ७, २१ आणि २७ मिळून ५५. म्हणून ५५३०. तिचे टायर मोजा : पुढे २, मध्ये ८, मागे १२. झाले बावीस.

२२/
मागचा हा भाग कोणता असावा, हे माल ठरवतो. भिलाई-रायपूरकडून येणाऱ्या पोलादाच्या गुंडाळ्या आकाराने लहान पण वजनाने भयंकर. त्यांना सपाट ट्रेलर आणि साखळदंड लागतात, आणि गुंडाळी नेमकी कुठे ठेवली यावर आखांचा हिशेब ठरतो. रोहित्र किंवा वीजकेंद्राची अवजड यंत्रे एका नगात शेकडो टनांची असू शकतात. त्यांच्यासाठी आखांच्या ओळीमागून ओळी जोडलेले, द्रवदाबावर तोलणारे ट्रेलर असतात. ते भार इतका पसरवतात की राक्षसी ओझेही रस्त्याला पेलते. वऱ्हाडची सरकी, ढेप, तूर, सोयाबीन, संत्री यांच्या गरजा निराळ्या. प्रत्येक मालाची आपली गाडी असते, जसा प्रत्येक बैलाला आपला जुपण्याचा खांदा.

२३/
येथे एक गैरसमज दूर करू. लांबलचक ट्रेलर पाहून आपल्याला वाटते, रस्ता खराब करणारा हाच. अभियंत्यांच्या प्रमाण भारांनी हिशेब केला तर उलटे चित्र दिसते. नियमात भरलेला ५५ टनी, सहा आखांचा ट्रेलर एका टन मालामागे जितकी झीज करतो, ती नियमात भरलेल्या सहाचाकी ट्रकच्या निम्म्याहूनही कमी असते. आणि मर्यादेच्या दीडपट भरलेला जुना सहाचाकी ट्रक या दोघांपेक्षा कितीतरी अधिक घातक. गाडीचा आकार पाहून भिऊ नका. आख मोजा आणि प्रत्येक आखावर काय आहे ते विचारा.

२४/
तरीही जादा भरतात, ते का? भाडे टनावर मिळते, डिझेल आणि टोल खेपेवर जातो. दहा टनांऐवजी पंधरा टन भरले की वरचे पाच टन जवळजवळ निव्वळ नफा. हा नफा बहुधा माल पाठवणाऱ्याच्या आणि मालकाच्या हाती जातो. तापलेले ब्रेक, फुटणारे टायर आणि उतारावरचा धोका चालकाच्या वाट्याला येतो. रस्त्याच्या झिजेचे बिल मात्र आपण सारे भरतो. काही राज्यांनी तर ठरावीक रक्कम आधीच घेऊन जादा भाराला परवानगी देण्याच्या योजना काढल्या होत्या. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या : जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. सप्टेंबर २०१९ पासून दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा झाला.

२५/
आता २०१८ च्या बदलाकडे चौथ्या घाताच्या चष्म्यातून पाहा. एकेरी आखाची मर्यादा १०.२ वरून ११.५ झाली, म्हणजे ओझे सुमारे १३ टक्के वाढले. झीज मात्र सुमारे ६२ टक्के. सरकारची बाजू अशी की वाहनांचे तंत्र सुधारले आहे, वाहतुकीचा खर्च कमी व्हायला हवा आणि चोरून जादा भरण्यापेक्षा वास्तव मर्यादा बरी. दुसरी बाजू अशी की जे रस्ते जुन्या मर्यादेसाठी बांधले, त्यांची माती बदललेली नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच नोंदवावेसे वाटते की, ओझे पुन्हा एकदा जागा बदलून गेले आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

२६/
जून २०२२ मध्ये आपला हाच रस्ता जगाच्या नोंदवहीत गेला. अमरावती–अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीची एकेरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबराने पूर्ण करून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने गिनीज विक्रम नोंदवला. वऱ्हाडातील अनेक पिढ्यांनी या पट्ट्यातले खड्डे सोसले आहेत; त्यांचा आनंद खरा होता. पण रस्ता किती वेगाने बांधला, हा विक्रम एका आठवड्याचा. त्याखाली तीच फुगणारी-आक्रसणारी माती आहे आणि वरून तेच आख जाणार आहेत. रस्ता किती वर्षे टिकला, याचा विक्रम काट्यावर ठरेल.

२७/
काट्यावरून पुन्हा कारंजा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो कारंजा लाडजवळून जातो. जेथे १८८६ साली शेतकऱ्याच्या बंडीसाठी खरा काटा मागितला गेला, तेथून आज बावीस चाकांचे ट्रेलर मुंबईकडे जातात. पहिल्या काट्याने विकणाऱ्याचे रक्षण केले. दुसऱ्या काट्याने रस्त्याचे, चालकाचे आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे रक्षण करायचे आहे. तो पहिल्याइतकाच खरा असायला हवा.

२८/
अखेरीस १८४२ च्या त्या आकड्याकडे. आज ५५ टनी ट्रेलरमध्ये सुमारे ४० टन माल जातो, म्हणजे रुईच्या २३५ च्या आसपास गाठी. तीनशेहून अधिक बैलांचे ओझे. एक लाख बैलांचा तो कापूस आज सुमारे तीनशे ट्रेलरमध्ये मावला असता आणि अडीच महिन्यांऐवजी दोन-तीन दिवसांत पोहोचला असता. लाख जनावरांची पाठ मोकळी झाली, ही माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई. पण ओझे तेवढेच आहे. ते आता आपल्या सगळ्यांच्या पायाखालच्या रस्त्यावर आहे.

२९/
तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी बडनेरा, मूर्तिजापूर किंवा बाळापूरजवळ थांबाल, तेव्हा एका गाडीचे आख मोजा, तोंडावरचा आकडा वाचा आणि बेरीज जुळते का ते पाहा. शिवाय घरी आजोबा-आजींना बंडीच्या भागांची नावे विचारा. तुमच्या गावात तुंबा, धाव, आरे यांना दुसरे काही म्हणत असतील तर खाली जरूर लिहा. गाड्या मोडीत निघाल्या तरी हे शब्द मोडीत निघू नयेत.

#वऱ्हाड #इतिहास #मराठी